लष्कराला दार कोण उघडतं?

‘मेरे अज़ीज़ हमवतनो!’ पाकिस्तानात हे तीन शब्द रेडिओवर किंवा टीव्हीवर अवेळी ऐकू आले, की लोक समजून जातात, सरकार गेलं आणि सेनापती आले. शब्दांचा अर्थ एवढाच, ‘माझ्या प्रिय देशबांधवांनो’. उर्दू माझ्या घरात बोलली जाते आणि मी कविता मराठीत लिहितो. दोन्ही भाषांत इतक्या प्रेमळ संबोधनाला इतकी धास्ती चिकटलेली मी दुसरीकडं पाहिली नाही.

अयूब खान १९५८ साली आले, याह्या खान १९६९ साली, झिया-उल-हक १९७७ साली आणि परवेझ मुशर्रफ १९९९ साली. सगळी मिळून तीसहून अधिक वर्षं त्या देशावर सेनापतींनी राज्य केलं. असं का झालं, असं विचारलं तर आपल्याकडं पटकन उत्तर मिळतं, ‘तिथलं लष्करच तसं!’ पण मित्रहो, १९४७ साली दोन्ही देशांच्या वाट्याला आलेली फौज एकाच ब्रिटिश हिंदी सैन्यातून वाटली गेली होती. त्याच पलटणी, तीच शिस्त. मग फरक पडला कुठं?

पहिला फरक कागदाचा आणि मतपेटीचा. आपली राज्यघटना १९५० साली लागू झाली आणि १९५१-५२ मध्ये पहिली सार्वत्रिक निवडणूक पार पडली. पाकिस्तानला पहिली घटना मिळाली १९५६ मध्ये, आणि थेट मतदानानं देशभर निवडणूक व्हायला १९७० साल उजाडलं. ज्या राज्यकर्त्याच्या पाठीशी मतं नसतात, तो आधारासाठी बंदुकीकडं पाहू लागतो.

१९५४ च्या ऑक्टोबरात नेमकं हेच घडलं. गव्हर्नर जनरल गुलाम मोहम्मद हे मुळातले मुलकी अधिकारी. त्यांनी घटना तयार करणारी संविधानसभाच बरखास्त केली. नव्या मंत्रिमंडळात संरक्षणमंत्री म्हणून घेतलं ते अयूब खान यांना, आणि तेही सरसेनापतिपदावर कायम ठेवून. एक गोळी झाडली गेली नव्हती. लष्कर दार फोडून आत आलं नाही, त्याला मानानं बोलावून खुर्ची दिली गेली.

संविधानसभेचे अध्यक्ष मौलवी तमीझुद्दीन खान न्यायालयात गेले. सिंधच्या न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. पण मार्च १९५५ मध्ये फेडरल कोर्टानं तो फिरवला. सरन्यायाधीश मोहम्मद मुनीर आणि त्यांचे सहकारी एका बाजूला, तर न्यायमूर्ती ए. आर. कॉर्नेलियस एकटे दुसऱ्या बाजूला. त्या निकालानं अनेक कायदेच अधांतरी झाले. तेव्हा त्याच वर्षी मुनीर यांनी त्यावर तोडगा काढला तो गरजेच्या सिद्धांताचा. एरवी बेकायदा असलेली कृती राज्य टिकवण्याच्या गरजेपोटी कायदेशीर मानता येते, असा तो सिद्धांत. उर्दूत त्याला ‘नज़रिया-ए-ज़रूरत’ म्हणतात.

आपल्याकडं म्हण आहे, ‘गरज सरो, वैद्य मरो’. पाकिस्तानचा पुढचा इतिहास या म्हणीवर चालला. ७ ऑक्टोबर १९५८ रोजी राष्ट्राध्यक्ष इस्कंदर मिर्झा यांनी घटना रद्द केली आणि मार्शल लॉ पुकारून कारभार अयूब यांच्या हाती सोपवला. पुढच्या वर्षी निवडणूक व्हायची होती, ती त्यांना टाळायची होती. अवघ्या वीस दिवसांत, २७ ऑक्टोबरला, अयूब यांनी मिर्झांनाच घालवलं. उरलेलं आयुष्य त्यांनी लंडनमध्ये काढलं. त्याच २७ तारखेला मुनीर यांच्या न्यायालयानं दोसो खटल्यात निवाडा दिला, की यशस्वी झालेली क्रांती स्वतःच कायदा ठरते.

हा निवाडा चुकीचा होता, हे सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं १९७२ साली, अस्मा जिलानी खटल्यात. याह्या खान यांनी सत्ता बळकावली होती, असंही बजावलं. पण तेव्हा याह्या पायउतार झालेले होते आणि पूर्व पाकिस्तानचा बांगलादेश झाला होता.

झुल्फिकार अली भुट्टो यांनी १९७३ च्या घटनेत पक्का बंदोबस्त केला. सहाव्या कलमानं घटना उलथवणं हा देशद्रोह ठरवला. प्रत्येक सैनिकाच्या शपथेत राजकारणात भाग न घेण्याचं वचन घातलं. कागदावर याहून जास्त काय करायचं? पण त्याच भुट्टोंनी बलुचिस्तानात बंडाविरुद्ध फौज वापरली, १९७६ मध्ये अनेक ज्येष्ठांना डावलून झियांना सेनाप्रमुख केलं, आणि १९७७ मध्ये विरोधकांचं आंदोलन पेटल्यावर मोठ्या शहरांत मार्शल लॉ लावला. ५ जुलैला झियांनी सत्ता घेतली. त्यांनीही तीच शपथ घेतलेली होती. नव्वद दिवसांत निवडणुकीचा वायदा करून ते अकरा वर्षं राहिले. भुट्टोंचे विरोधक त्यांच्या मंत्रिमंडळात बसले, आणि नोव्हेंबर १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं पुन्हा ‘गरज’ मान्य केली. भुट्टोंना ४ एप्रिल १९७९ रोजी फाशी झाली. ‘गरज’ मान्य करणारे सरन्यायाधीश अन्वारुल हक यांनाही १९८१ मध्ये झियांनी नवी शपथ घ्यायला लावली, तेव्हा घरी जावं लागलं. वैद्य पुन्हा गेला!

१९९९ मध्ये तेच. मुशर्रफ यांना वरिष्ठांना डावलून नेमलं होतं नवाझ शरीफ यांनी. तेच पदच्युत झाले, तेव्हा काही ठिकाणी मिठाई वाटली गेली. २००० साली न्यायालयानं तीन वर्षांची मुभा दिली.

पण या कथेत दुसरीही माणसं आहेत. १९८१ मध्ये न्यायमूर्ती दोराब पटेल यांनी झियांची शपथ नाकारली. त्यांच्यापुढं सरन्यायाधीशपद दिसत होतं. ते सोडून ते उठले. न्यायमूर्ती फखरुद्दीन इब्राहिम हेही उठले. २००० साली सरन्यायाधीश सईदुझ्झमाँ सिद्दिकी आणि पाच न्यायमूर्तींनी मुशर्रफ यांची शपथ घेतली नाही. ३ नोव्हेंबर २००७ रोजी मुशर्रफ यांनी आणीबाणी लादली, तेव्हा साठाच्या आसपास न्यायाधीशांनी नकार दिला. काळे कोट घातलेले वकील रस्त्यावर आले, लाठ्या खाल्ल्या. २००८ मध्ये मुशर्रफ गेले, २००९ मध्ये न्यायाधीश परतले. २०१० च्या अठराव्या घटनादुरुस्तीनं लिहून ठेवलं, की यापुढं कोणतंही न्यायालय अशा बंडाला मान्यता देणार नाही.

हे सगळे काही संत नव्हते. दोराब पटेल १९७७ च्या निकालात सामील होते. कॉर्नेलियस पुढं याह्यांचे कायदामंत्री झाले. तरीही त्यांच्या एकेका नकाराची किंमत कमी होत नाही.

एक गोष्ट मला थांबवते. कॉर्नेलियस ख्रिस्ती होते, दोराब पटेल पारशी, आणि २००७ मध्ये शपथ नाकारणाऱ्यांमधले राणा भगवानदास हिंदू. मुसलमान न्यायमूर्तींनीही हे धैर्य दाखवलं, आणि तेच संख्येनं जास्त होते. पण मी स्वतः माझ्या देशात अल्पसंख्य समाजातला आहे, म्हणून ही तीन नावं मला जवळची वाटतात. ज्याच्यापाशी गर्दी नाही आणि बळ नाही, त्याच्यापाशी लिहिलेलं कलम तेवढं असतं. ‘गरजे’पोटी ते एकदा बाजूला ठेवलं, की सर्वांत आधी उघडा पडतो तो हाच माणूस.

१९९९ नंतर पाकिस्तानात उघड बंड झालेलं नाही. पण दार बंद झालं असं म्हणवत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये संसदेनं सेनाप्रमुखांची मुदत तीनवरून पाच वर्षांवर नेली. नोव्हेंबर २०२५ मध्ये सत्ताविसाव्या घटनादुरुस्तीनं सेनाप्रमुखांना तिन्ही दलांचं प्रमुखपद दिलं आणि फील्ड मार्शलला खटल्यापासून आजन्म संरक्षण दिलं. रणगाडे हलले नाहीत, हात वर झाले ते निवडून आलेल्यांचे. त्या वेळी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी राजीनामे दिले, मन्सूर अली शाह आणि अतहर मिनल्लाह.

लष्कराला राजकारणाबाहेर ठेवण्याचा उपाय लष्करी छावणीत शोधून सापडत नाही. तो मंत्र्याच्या, आमदाराच्या, न्यायाधीशाच्या आणि मतदाराच्याही हातात असतो. प्रतिस्पर्ध्याला हरवण्यासाठी बंदूकवाल्याला हाक मारायची नाही, आणि तो आलाच तर मिठाई वाटायची नाही. नियम साधा आहे. तो पाळणारी माणसं किती निघतात, यावर देशाचं नशीब ठरतं.

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)