नागपूर ते काकीनाडा, होडीने : एका फसलेल्या जलमार्गाचा धागा

मंडळी, नकाशा उघडा आणि इतवारीच्या दक्षिणेने वाहणाऱ्या नाग नदीवर बोट ठेवा. नाग कन्हानला मिळते, कन्हान आंभोऱ्यास वैनगंगेला. वैनगंगा चपराळ्याजवळ वर्धेला भेटते आणि तेथून पुढे प्रवाहाचे नाव प्राणहिता होते. सिरोंचापाशी प्राणहिता गोदावरीत विलीन होते. मग इंद्रावती, शबरी, पापिकोंडलूची अरुंद घळई, राजमहेंद्री आणि अखेर बंगालचा उपसागर. इतवारीच्या अंगणात पडलेला पाऊस पूर्व समुद्राला जातो, हे आपल्याला फारसे जाणवत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास काही इंग्रज अभियंत्यांना मात्र ते प्रकर्षाने जाणवले. पाणी जाते, तर कापूसही जाईल, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

हिशेब अगदीच खुळचट नव्हता. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले. वर्धा खोऱ्यातील, विशेषतः हिंगणघाटचा कापूस नामांकित होता. परंतु तो मिर्झापूरला किंवा मुंबईला जायचा तो बैलांच्या पाठीवर वा गाड्यांतून. वाटेत धूळ, पाऊस, चोऱ्या. उलट दिशेने बंजाऱ्यांचे तांडे पूर्व किनाऱ्यावरचे मीठ नागपूरकडे आणीत. जाताना कापूस, येताना मीठ : नौकेला दोन्ही वेळा भरलेली खेप मिळणार होती. गोदावरीवर धवळेश्वरमचा बंधारा बांधून नावारूपास आलेला आर्थर कॉटन या कल्पनेचा खंदा पुरस्कर्ता होता. रेल्वेपेक्षा जलमार्ग कितीतरी स्वस्त, हे मत त्याने आयुष्यभर सोडले नाही.

प्रश्न एवढाच होता की, ही नदी आतून कशी आहे? तिच्या पाहणीचे काम एफ. टी. हेग या अभियंत्याकडे आले आणि नौकानयनाच्या शक्यतेवरील त्याचा अहवाल १८५६ मध्ये मद्रासहून प्रसिद्ध झाला. नदी बरीचशी सलग आणि शांत आहे. पण तीन ठिकाणी तिच्या पात्रात खडकांचे प्रचंड पट्टे आडवे पडले आहेत. खालून वर मोजत गेल्यास पहिला भद्राचलमच्या वर दुम्मुगुडेम येथे, दुसरा इंद्रावतीच्या संगमाखाली इंचमपल्ली येथे आणि तिसरा प्राणहितेवर, आजच्या अहेरी तालुक्यातील देवलमरीजवळ. सरकारी कागदांत यांना थेट ‘अडथळे’ असेच नाव पडले.

या खडकांचे वागणे समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. उन्हाळ्यात नदी तेथे असंख्य चिंचोळ्या धारांत फुटते. होडी खडकांत अडकते. महापुरात खडक खोल बुडतात आणि वरून जाता येते, पण तेव्हा प्रवाहाचा वेग भयंकर असतो. खरा धोका या दोहोंच्या मधला : खडक जेमतेम पाण्याखाली, वरचे पाणी फेसाळलेले आणि भोवरे दर पावलागणिक जागा बदलणारे. आपल्यापैकी जे कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग करून आले असतील त्यांना हे थोडेफार ठाऊक असेल. अर्थात तेथे भिऱ्याच्या वीजकेंद्रातून ठरल्या वेळी पाणी सुटते; प्राणहितेचे वेळापत्रक कोणाच्याच हाती नव्हते.

शिवाय कयाक घेऊन उतरणारा मनुष्य खाली पोहोचला की कयाक गाडीच्या टपावर बांधून परत येतो. व्यापाऱ्याला मिठाची पोती घेऊन त्याच पाण्यातून वर चढायचे असते. अहेरीच्या जंगलातील सागवानाचे ओंडके पुराच्या पाण्यावर राजमहेंद्रीकडे सोडले जात, तेही एकेरीच. नदीचा हा एकेरी स्वभाव स्थानिक लोक जाणून होते. अभियंत्यांचे उत्तर असे की, प्रत्येक अडथळ्यावर बंधारा घालावा आणि बाजूने दरवाजांचा कालवा काढून होड्या पायरीपायरीने चढवाव्या व उतरवाव्या.

१८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस आटला आणि या योजनेला एकदम महत्त्व आले. कामे सुरू झाली. दाट जंगल, मजुरांची टंचाई आणि हिवताप यांनी ती रखडली. पहिल्या अडथळ्यावरचे काम सर्वांत पुढे गेले. वरच्या दोहोंची कथा अपुरीच राहिली.

माझ्या मते मात्र योजनेचे मर्मस्थान खडकांत नव्हते, पंचांगात होते. कापसाची वेचणी दिवाळीच्या सुमारास सुरू होते आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालते. नदीला भरपूर पाणी असते आषाढ ते आश्विन. म्हणजे माल तयार तेव्हा वाट बंद, आणि वाट उघडी तेव्हा गोदामात गेल्या हंगामाच्या गाठी! १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपून भाव कोसळले, १८६७ मध्ये मुंबईहून येणारी आगगाडी नागपुरात पोहोचली. बारा महिने धावणाऱ्या गाडीपुढे चार महिन्यांच्या नदीचा निभाव लागला नाही. १८७१ साली सरकारने योजना सोडून दिली.

जलमार्ग गेला, पण त्याच्यासाठी आखलेली सीमा राहिली. १८६० च्या तहाने निजामाने गोदावरीच्या डाव्या तीरावरील आपला मुलूख इंग्रजांना दिला होता आणि नदीवरील वाहतूक करमुक्त करण्याचे कलमही त्याच तहात होते. या पट्ट्याचा ‘अप्पर गोदावरी’ जिल्हा झाला, मुख्यालय सिरोंचा. १८७४ मध्ये जिल्हा मोडला : भद्राचलमकडचा भाग मद्रासकडे गेला, सिरोंचा चांदा जिल्ह्यात आला. तेथून १९६० मध्ये महाराष्ट्रात आणि १९८२ मध्ये नव्या गडचिरोली जिल्ह्यात. सिरोंचाच्या बाजारात आजही तेलुगू सहज कानी पडते. ते गाव आपल्या नकाशात का आहे, याचे एक मोठे कारण कधीच न आलेल्या त्या कापसाच्या होड्यांत आहे.

दुम्मुगुडेमचा बंधारा अजून उभा आहे. सिरोंचासमोर गोदावरीवर २०१९ मध्ये मेडिगड्डा बॅरेज सुरू झाले आणि २०२३ च्या ऑक्टोबरात त्याचे काही खांब खचले. त्यावर स्वतंत्र धागा लिहीन. तोवर वाचकांपैकी कोणी अहेरी-सिरोंचाकडचे असल्यास देवलमरीच्या खडकांचे उन्हाळ्यातील छायाचित्र खाली अवश्य जोडावे.