डॅशचा नाताळ : एका एकाकी राजकन्येने आपल्या कुत्र्याला दिलेली भेट

१/ डिसेंबर १८३३. लंडनचा केन्सिंग्टन राजवाडा. नाताळच्या भेटींमध्ये रबराचे तीन चेंडू आहेत आणि जिंजरब्रेडचे, म्हणजे आले घातलेल्या गोड पावाचे, दोन तुकडे. तुकड्यांवर हॉलीच्या डहाळ्या व मेणबत्त्यांची सजावट आहे. ही भेट कोणा बालकासाठी नाही. ती डॅश नावाच्या कुत्र्यासाठी आहे. देणारी आहे चौदा वर्षांची राजकन्या व्हिक्टोरिया.

२/ वरवर पाहता हा एका लाडावलेल्या मुलीचा खेळ वाटतो. परंतु या छोट्याशा भेटीमागे दोन इतिहास दडलेले आहेत : एका मुलीच्या एकाकीपणाचा, आणि प्राण्यांकडे पाहण्याच्या बदलत्या दृष्टीचा. दोन्ही क्रमाने पाहू.

३/ व्हिक्टोरिया आठ महिन्यांची असताना, जानेवारी १८२० मध्ये, तिचे वडील वारले. पुढे आई डचेस ऑफ केंट आणि आईचा कारभारी सर जॉन कॉनरॉय यांनी तिच्याभोवती निर्बंधांचे कुंपण उभारले. इतिहासकार याला 'केन्सिंग्टन पद्धती' म्हणतात. तिने आईच्याच खोलीत झोपायचे. जिना उतरतानाही कोणाचा तरी हात धरायचा. समवयस्क मुलांशी मोकळी मैत्री तर दूरच राहिली.

४/ अशा मुलीने आपले जग स्वतःच्या हातांनी घडवले. गव्हर्नेस लेझेन आणि ती, दोघींनी मिळून १३२ लहान लाकडी बाहुल्यांचा दरबार सजवला होता. त्यांपैकी ३२ बाहुल्यांचे कपडे व्हिक्टोरियाने स्वतः शिवले, असे सांगतात.

५/ जानेवारी १८३३ मध्ये कॉनरॉयने डचेसला एक स्पॅनियल जातीचा छोटा कुत्रा भेट दिला. तोच डॅश. काही महिन्यांतच तो आईचा न राहता मुलीचा झाला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तिने रोजनिशीत नोंदवले आहे की, आपण डॅशला लाल जाकीट आणि निळी विजार घातली. बाहुल्यांना कपडे चढवणाऱ्या हातांना आता जिवंत सवंगडी मिळाला होता. विरोधाभास असा की, ज्या कॉनरॉयचा ती मनस्वी तिरस्कार करी, त्याच्याच हातून हा सवंगडी आला.

६/ आता नाताळाकडे वळू. डचेस मूळची जर्मन. त्यामुळे या घरात २४ डिसेंबरच्या संध्याकाळी टेबलांवर दिवे व साखरेच्या शोभेच्या वस्तू लावलेली झाडे उभी राहत आणि भेटी झाडांभोवती मांडल्या जात. १८३२ च्या नाताळाचे असे वर्णन व्हिक्टोरियाच्या रोजनिशीत आहे. ज्याला भेट मिळते, तो घरातला. पुढच्याच वर्षी डॅशला भेट मिळाली, याचा अर्थ तो घरातला झाला.

७/ भेटवस्तूही बोलक्या आहेत. या चेंडूंच्या रबराला तेव्हा 'इंडिया रबर' म्हणत. पण त्याचा उगम आपल्या हिंदुस्थानात नव्हे, तर अमेरिका खंडातील झाडांच्या चिकात होता. चार्ल्स गुडइयरला गंधकाने रबर टिकाऊ करण्याची युक्ती १८३९ मध्ये सापडली. म्हणजे डॅशचे चेंडू त्यापूर्वीचे : थंडीत कडक होणाऱ्या आणि उन्हाळ्यात चिकट होणाऱ्या रबराचे!

८/ आणि खाऊ? कारखान्यात तयार झालेली कुत्र्यांची बिस्किटे लंडनमध्ये जेम्स स्प्रॅटने विकायला आणली, ती साधारण १८६० च्या सुमारास. त्याआधी कुत्र्याचा सण साजरा करायचा, तर माणसांच्याच ताटातला पदार्थ घ्यायचा आणि माणसांच्याच सणाची सजावट त्यावर करायची. डॅशच्या भेटीत नेमके हेच दिसते.

९/ दुसरा इतिहास राजवाड्याबाहेरचा आहे. श्रीमंतांच्या मांडीवर लाडकी कुत्री पूर्वीही असत. परंतु त्याच इंग्लंडमध्ये बैलांवर व अस्वलांवर कुत्री सोडण्याचे 'खेळ' चालत आणि लोक पैजा लावत. अशा खेळांवर देशव्यापी बंदी आली ती १८३५ च्या कायद्याने.

१०/ प्राण्यांवरील क्रौर्य रोखण्यासाठी लंडनमध्ये १८२४ साली एक संस्था स्थापन झाली होती. १८३५ मध्ये डचेस व व्हिक्टोरिया तिच्या आश्रयदात्या झाल्या. १८४० मध्ये राणी व्हिक्टोरियाने संस्थेला नावामागे 'रॉयल' लावण्याची अनुमती दिली. हे केवळ डॅशमुळे घडले, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. मात्र ज्या हातांनी ही अनुमती दिली, त्यांना एका मुक्या जिवाचा लळा ठाऊक होता, एवढे निश्चित.

११/ २० जून १८३७ रोजी व्हिक्टोरिया राणी झाली आणि त्याच दिवशी तिने आपला पलंग आईच्या खोलीतून हलवायला लावला. २८ जून १८३८ रोजी राज्याभिषेक झाला. कित्येक तासांचा तो सोहळा आटोपून परतल्यावर राणीने पहिले काम केले ते डॅशला अंघोळ घालण्याचे, असे सांगितले जाते. १८४० च्या नाताळाच्या तोंडावर डॅश गेला. विंडसरच्या उद्यानात अ‍ॅडलेड कॉटेजजवळ त्याचे स्मारक आहे.

१२/ आज कोणी डॅशसारखा नाताळ करू पाहील, तर चेंडू जरूर घ्यावा. हॉली मात्र वगळावी. तिची फळे कुत्र्यांना अपायकारक असतात. मनुका, चॉकलेट आणि जायफळही टाळावे, आणि पेटती मेणबत्ती शेपटीपासून दूरच बरी.

१३/ इतिहास केवळ तहांत आणि लढायांत शोधू नये. ज्या मुलीला एकटीने जिना उतरण्याचीही मुभा नव्हती, तिला आपल्या मनाने कोणावर तरी माया करण्याची मुभा एका कुत्र्याने दिली. जिंजरब्रेडच्या त्या दोन तुकड्यांवर लावलेल्या मेणबत्त्या त्या मायेच्या होत्या.