रणभूमि व निर्जन प्रदेश यांचीं आद्य छायाचित्रें आणि त्यांचें प्रामाण्य

पोथी हातीं आली कीं ती अस्सल कीं नक्कल, लेखक कोण, शक कोणता, मागाहून कोणीं भर घातली आहे काय, हें पाहिल्याशिवाय आपणांपैकीं कोणी तिच्यावर विधान उभारीत नाहीं. त्याच गृहस्थांस एखादें जुनें छायाचित्र मिळालें म्हणजे मात्र ही सावधगिरी गळून पडते. सूर्यप्रकाशानें उमटलेलें चित्र, त्यांत खोटें कोठून येणार, असें मानून तें सरळ पुराव्यांत घेतलें जातें. हा समज कितपत टिकतो हें तपासण्यास एकोणिसाव्या शतकांतील रणांगणांचीं व निर्जन प्रदेशांचीं छायाचित्रें फार सोयीचीं आहेत, कारण पाश्चात्य अभ्यासकांनीं त्यांची छाननी जवळजवळ पाठचिकित्सेच्याच रीतीनें केलेली आहे.

प्रथम साधनाविषयीं दोन शब्द. इ. स. १८५१ मध्यें फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रजानें ओल्या कांचेची कृति प्रसिद्ध केली. गनकॉटन हा स्फोटक पदार्थ ईथर व अल्कोहोल यांत विरघळवून केलेला कोलोडियन नांवाचा चिकट द्रव कांचेवर ओतावयाचा, ती अंधारांत सिल्व्हर नायट्रेटमध्यें बुडवावयाची, ओली असतांनाच कॅमेऱ्यांत घालावयाची व सुकण्यापूर्वीं चित्र उठवून पक्कें करावयाचें. सारा खटाटोप कांहीं मिनिटांत उरकावा लागे; म्हणून छायाचित्रकारास अंधारकोठडीची गाडी बरोबर न्यावी लागे. कांचेस प्रकाश कित्येक सेकंद लागे, सबब चालती लढाई टिपणें जवळजवळ अशक्य होतें. हा द्रव निळ्या प्रकाशास फार लवकर वश होई, त्यामुळें ढग असलेलें आकाशहि बहुधा कोरें पांढरें उतरे. या चित्रांतील शांतता व शून्यता कांहीं अंशीं रसायनाची आहे हें विसरतां कामा नये.

रॉजर फेंटन हा इ. स. १८५५ च्या मार्चांत क्रिमियांत उतरला. दारूच्या एका व्यापाऱ्याची जुनी गाडी त्यानें अंधारकोठडीसाठीं सजविली होती. तेथून त्यानें सुमारें ३६० चित्रें आणलीं, त्यांत सर्वांत गाजलेलें २३ एप्रिल १८५५ चें: सेबास्टोपोलजवळची उघडी दरी, मधून वाट, व तोफेचे गोळे विखुरलेले. चित्रास ‘मृत्युच्छायेची दरी’ असें भारदस्त नांव मिळाल्यामुळें टेनिसनच्या काव्यांतील घोडदळाची दरी ती हीच, असा पुष्कळांचा समज झाला. वास्तविक ती घोडदौड बालक्लाव्हाजवळ, कांहीं मैल दूर झाली. या दरीस सैनिकांनींच तसें नांव पाडलेलें होतें. नांवावरून स्थळ ठरविण्याची चूक आपल्याकडील बखरींच्या वाचकांसहि अपरिचित नाहीं.

परंतु खरी मौज पुढें आहे. त्याच जागेवरून घेतलेल्या दोन कांचा उपलब्ध आहेत. एकींत गोळे वाटेवर पसरलेले आहेत, दुसरींत वाट मोकळी असून गोळे कडेच्या चरांत आहेत. आधीची कोणती? कित्येक वर्षें विद्वान हेतूवरून तर्क करीत राहिले: फेंटननें शोभेसाठीं गोळे वाटेवर मांडले असावेत, किंवा सैनिकांनीं पुन्हां वापरण्यासाठीं ते उचलून नेले असावेत. शेवटीं इ. स. २००७ मध्यें एरॉल मॉरिस यानें दोन्ही चित्रें शेजारीं ठेवून बारीकसारीक दगडांकडे लक्ष वेधलें. उतारावरील कांहीं खडे मोकळ्या वाटेच्या चित्रांत वर आहेत व गोळ्यांच्या चित्रांत खालीं सरकलेले आहेत. पायांच्या धक्क्यानें दगड खालीं घसरतो, वर चढत नाहीं. सबब मोकळी वाट आधीची. हा निर्णय आम्हांस निःसंशय वाटतो. ज्यांकडे कोणाचें लक्ष नव्हतें त्यांनीं दिलेली साक्ष हीच सर्वांत निर्मळ. मात्र यानें क्रम सिद्ध झाला, गोळे कोणीं व कां आणले हें सिद्ध झालें नाहीं. या दोन गोष्टींची गल्लत पुष्कळ लेखकांनीं केली आहे.

लखनौचें प्रकरण याहून कठोर आहे. १६ नोव्हेंबर १८५७ रोजीं सिकंदर बागेंत सुमारें दोन हजार शिपाई मारले गेले. फेलिचे बेआतो हा तेथें पोहोंचला इ. स. १८५८ च्या वसंत ऋतूंत, म्हणजे कित्येक महिन्यांनीं. तरी त्याच्या चित्रांत पडक्या इमारतीपुढें हाडें व सांगाडे पसरलेले दिसतात. त्या काळीं लखनौस असलेले मुलकी अधिकारी सर जॉर्ज कॅम्बेल यांनीं आठवणींत लिहून ठेविलें आहे कीं प्रेतें झांकलेलीं होतीं, व छायाचित्रकाराच्या आग्रहावरून तीं उघडीं करण्यांत आलीं. इमारतीच्या भिंतींपुरतें हें चित्र उत्तम साधन आहे; अंगणापुरतें तें विजेत्यांच्या हौसेचें साधन आहे. एकाच कांचेच्या दोन भागांची योग्यता अशी निरनिराळी असूं शकते.

त्याच सुमारास आमचे विष्णुभट गोडसे वरसईकर झांशीच्या वेढ्यांत सांपडले होते. त्यांनीं आपला प्रवास पुष्कळ वर्षांनंतर लिहिला. बेआतोची कांच त्या मानानें अगदीं ताजी. तरीहि भटजींच्या लिखाणांत मृतांविषयीं जी भीति व कणव आहे ती त्या कांचेंत नाहीं, आणि ताजेपणावरून प्रामाण्य ठरवूं नये याचें हें चांगलें उदाहरण आहे. भटजींच्या ग्रंथासहि पाठाचा भोग चुकला नाहीं: चिं. वि. वैद्यांनीं इ. स. १९०७ मध्यें तो फेरफार करून छापला, व मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ द. वा. पोतदारांनीं इ. स. १९६६ मध्यें प्रसिद्ध केला. मूळ हस्तलिखित जपून ठेविलें गेलें म्हणूनच हें शक्य झालें.

अमेरिकेंतील गेटिसबर्गची लढाई १ ते ३ जुलै १८६३ रोजीं झाली. अलेक्झांडर गार्डनर व त्याचा सहकारी टिमथी ओसुलिव्हन हे लागलीच तेथें पोहोंचले. गार्डनरनें पुढें शंभर चित्रांचा जो संग्रह काढला त्यांत ४० व ४१ या क्रमांकांचीं चित्रें दोन निरनिराळ्या नेमबाजांचीं म्हणून दिलीं आहेत. इ. स. १९६१ मध्यें फ्रेडरिक रे यानें दाखविलें कीं दोन्हींत मनुष्य एकच आहे, आणि इ. स. १९७५ मध्यें विल्यम फ्रासानिटो यानें जागेवरच्या शिळा चित्रांशीं ताडून सिद्ध केलें कीं प्रेत उतारावरून उचलून शिळांच्या आडोशास आणून ठेविलें होतें. शेजारीं टेकलेली बंदूक नेमबाजाच्या हत्याराच्या जातीचीहि नाहीं. गार्डनर लिहितो कीं नोव्हेंबरांत पुन्हां गेलों तेव्हां बंदूक गंजून तेथेंच होती व सांगाडा जसाच्या तसा होता. जेथून लोकांनीं आठवण म्हणून गोळ्यांचे तुकडेहि वेंचून नेले तेथें चांगली बंदूक चार महिने राहिली, हें ज्याला पटेल त्याला पटो! येथें कांचेपेक्षां मथळा अधिक खोटा आहे. पोथीच्या पुष्पिकेवर जितका विश्वास ठेवावा तितकाच चित्राखालील ओळीवर ठेवावा.

हाच ओसुलिव्हन लढाई संपल्यावर इ. स. १८६७ पासून क्लॅरन्स किंगच्या पाहणीबरोबर पश्चिमेकडील वाळवंटांत हिंडला. ती पाहणी अमेरिकेच्या युद्धखात्याच्या पैशानें चाले, म्हणजे धनी तोच राहिला. नेव्हाडांतील वाळूच्या टेंकड्यांच्या त्याच्या चित्रांत खेचरें जोडलेली त्याची स्वतःची गाडी उभी आहे, व तिच्यापासून कॅमेऱ्याकडे येणारीं पावलें वाळूंत उमटलेलीं आहेत. इतका प्रांजळपणा फेंटनच्या दरींत नाहीं. पण इ. स. १८६९ मधील यूटांतील वेबर दरीच्या शिळा घ्या. इ. स. १९७७ ते १९७९ मध्यें मार्क क्लेट व त्याचे सोबती जुन्याच जागीं उभे राहून नवीं चित्रें घेऊं लागले, तेव्हां उघड झालें कीं ओसुलिव्हननें कॅमेरा तिरपा धरला होता व जमिनीचा कलच बदलून टाकला होता.

निर्जनतेचेंहि तसेंच. इ. स. १८७३ मध्यें, लेफ्टनंट व्हीलरच्या पाहणींत असतांना, त्यानें कॅन्यन द शे येथील उंच कड्याखालच्या प्राचीन घरांचें जें चित्र घेतलें त्यांत काळ थांबल्यासारखा वाटतो. त्याच कॅन्यनमध्यें इ. स. १८६४ च्या आरंभीं अमेरिकन फौज शिरली, नाव्हाहो लोकांचीं घरें व बागा उद्ध्वस्त झाल्या, आणि हजारोंना दूरच्या छावणीपर्यंत चालत नेलें; इ. स. १८६८ च्या तहानें ते परतले. ओसुलिव्हननें त्या लोकांचींहि चित्रें घेतलीं आहेत. त्यास दोष देण्यास आम्ही तयार नाहीं. परंतु कड्याचें एकटें चित्र पाहणाऱ्यास ही भूमि कधीं कोणाची नव्हतीच असें वाटतें, आणि तीं दुसरीं चित्रें पाहिल्यावांचून हा भ्रम फिटत नाहीं.

आपल्याकडे हा विषय परका नाहीं. मुंबईस फोटोग्राफिक सोसायटी इ. स. १८५४ मध्येंच स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजींचे बंधु नारायण दाजी हे स्वतः छायाचित्रें घेत. जुन्या घराण्यांतून व संस्थानांतून त्या शतकांतील पुष्कळ आल्बमें अजून आहेत. एका संग्रहांत आम्हीं पाहिलें कीं चित्रें चौकटींत नीट बसावीं म्हणून पुठ्ठ्याच्या कडा कापल्या होत्या, व कडेबरोबर शाईनें लिहिलेलीं नांवेंहि गेलीं होतीं. सारखीं दिसणारीं दुसरीं चित्रें ‘दुबार’ म्हणून वांटून टाकलीं होतीं. फेंटनचीं दोन चित्रें अशा गृहस्थाच्या हातीं पडतीं तर त्यांतील एक खात्रीनें नाहींसें झालें असतें. ज्या वाचकांजवळ सत्तावन सालच्या धामधुमीचीं अथवा जुन्या किल्ल्यांचीं ओल्या कांचेवरून घेतलेलीं चित्रें असतील त्यांनीं तीं पुठ्ठ्यावरून सोडवूं नयेत, पाठीवरील मजकूर उतरून घ्यावा, आणि एकाच जागेचीं दोन असल्यास दोन्हींचें वर्णन या त्रैमासिकाकडे पाठवावें.