कराची ते मुंबई: अंतर तेच, वेळ मात्र वेगळा

"तुझा पीएचडीचा विषय काय?" असं कुणी विचारलं की मी सांगते, "दोन ठिकाणांमधलं अंतर आणि ते कापायला लागणारा वेळ." पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "त्यात काय संशोधन? अंतराला वेगाने भागलं की झालं!"

चला, एक गणित सोडवून बघू.

१५ ऑक्टोबर १९३२. जे. आर. डी. टाटा सकाळी ६.३५ला कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून निघाले. विमान होतं एक इंजिनाचं छोटं पुस मॉथ. सोबत प्रवासी नव्हते, साधारण २५ किलो टपाल होतं. १९२९पासून इम्पीरियल एअरवेजचं टपाल लंडनहून कराचीपर्यंत विमानाने येत होतं. ते तिथून पुढे विमानानेच न्यायचं, ही कल्पना. दुपारी १.५०ला ते जुहूला उतरले. एकूण वेळ सव्वासात तास.

आता अंतर बघू. पृथ्वी गोल असल्यामुळे आपण गोलावरचं सर्वात जवळचं अंतर काढतो. आजच्या विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेतले तर कराची-मुंबई सुमारे ८७५ किलोमीटर येतं. पुस मॉथचा वेग ताशी १६०च्या आसपास. म्हणजे साडेपाच तास. मग उरलेले पावणेदोन तास गेले कुठे?

ते गेले अहमदाबादला. इंधन भरायला तिथे थांबणं भाग होतं. त्या वळणामुळे मार्ग सुमारे १०३५ किलोमीटरचा झाला, म्हणजे साडेसहा तास उड्डाणाचे. बाकीचा पाऊण तास ढोबळमानाने मुक्कामाचा धरता येईल. गंमत म्हणजे विमानासाठी पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते! विमानाचा वेळ मोजताना बैलगाडीचाही हिशोब धरावा लागतो, तो असा.

तेव्हा कराची मुंबई इलाख्यातच होती. सिंध वेगळा प्रांत झाला तो १९३६मध्ये. म्हणजे १९३२चं ते उड्डाण आजच्या भाषेत 'डोमेस्टिक' होतं. फाळणीनंतर मध्ये सीमा आली, तरी वाट लगेच कायमची बंद झाली नाही. १९८२मध्ये, पन्नास वर्षं झाली म्हणून, ७८ वर्षांच्या जेआरडींनी लेपर्ड मॉथ विमानातून हाच प्रवास पुन्हा केला.

आणि आज? जेट विमानाला हे अंतर दीड तासाचं आहे. पण या दोन शहरांत थेट विमानसेवाच नाही. दुबईमार्गे जायचं तर कराची-दुबई सुमारे ११९० आणि दुबई-मुंबई सुमारे १९३० किलोमीटर, एकूण ३१००च्या वर. हवेतच पाचेक तास जातात. त्यात दुबईतली थांबायची वेळ मिळवली की जेआरडींचे सव्वासात तास सहज मागे पडतात. विमानाचा वेग पाचपट झाला, तरीही.

म्हणून माझ्या तक्त्यात अंतर आणि वेग यांच्या शेजारी आणखी दोन रकाने आहेत: 'थांबा कुठे' आणि 'परवानगी आहे का'. माझा बहुतेक वेळ या दोन रकान्यांतच जातो.

तुमच्या घरात किंवा शेजारी, उल्हासनगरला म्हणा, कराचीहून आलेलं कुणी असेल, तर त्यांना एकदा जरूर विचारा: तेव्हा किती वेळ लागला होता?