तान्ह्या बाळाची झोप (अहिल्यानगर जिल्हा)

तान्ह्या बाळाची झोप : जन्मापासून सुमारे वर्षापर्यंतच्या बाळाची झोप, तिला लागणारे वळण आणि ते लावण्याच्या घरगुती व वैद्यकीय रीती. ही नोंद अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर, बोलण्यात आजही ‘नगर’) जिल्ह्यापुरती आहे. क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्यात पश्चिमेला अकोले तालुक्याचा पावसाळी डोंगराळ भाग, प्रवरेकाठी बागायती ऊसपट्टा आणि पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडे कोरडवाहू मुलूख आहे. त्यामुळे बाळ कुठे, कशावर आणि कोणाजवळ निजते, याचे उत्तर तालुक्यागणिक बदलते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार पहिल्या तीन महिन्यांत बाळाला दिवसभरात १४ ते १७ तास आणि चार ते अकरा महिन्यांत १२ ते १६ तास झोप लागते. दिवसाच्या डुलक्या यातच धरलेल्या आहेत. मात्र ही झोप सलग नसते. नवजात बाळ दोन-तीन तासांनी दुधासाठी जागे होते आणि त्याला दिवस-रात्र कळत नाही. ‘बाळानं दिवस रात्रीचा केला’ अशी तक्रार बाळंतिणीकडून ऐकू येते, तेव्हा तिची काही चूक झालेली नसते. शरीरातले दिवसरात्रीचे घड्याळ जन्मतः चालू नसते. ते साधारण दोन-तीन महिन्यांत बसू लागते. त्याला मदत होते ती उजेडाची आणि अंधाराची. सकाळच्या कोवळ्या उन्हात बाळाला घेऊन बसणे, दिवसा घरातले आवाज चालू ठेवणे, रात्री मंद दिवा आणि कमीत कमी बोलणे एवढ्यानेही फरक पडतो. रात्रीच्या अंगावरच्या दुधात झोपेशी संबंधित मेलाटोनिन हे संप्रेरक अधिक असते. रात्रीचे पाजणे म्हणजे वळण बिघडवणे नव्हे, ते बसवण्याचाच भाग आहे.

झोपेत बाळ हसते, ओठ मुडपते, मध्येच कण्हते. नगरच्या खेड्यांत, आणि महाराष्ट्रात इतरत्रही, सटवाई देवी त्याला हसवते-रडवते असे म्हणतात. वैद्यक या अवस्थेला सक्रिय झोप म्हणते. नवजात बाळाची जवळजवळ निम्मी झोप अशी असते. दोन्ही स्पष्टीकरणांतून आईला मिळणारा सल्ला एकच : लगेच उचलू नका. कण्हणारे बाळ पुष्कळदा झोपलेलेच असते, आणि घाईने उचलून आपणच त्याला जागे करतो. आजीचे ‘सटवाई खेळवतेय, राहू दे’ हे वाक्य म्हणून जपण्यासारखे आहे.

झोपेचे वळण लावण्याची परंपरागत रीत न्हाणीघरापासून सुरू होते. तेलाने अंग चोळणे, पाटावर पाय लांब करून त्यांवर बाळाला घेऊन कढत पाण्याने न्हाऊ घालणे, कोरडे करून दुपट्यात गुंडाळणे, पाजणे आणि मग अंगाई किंवा ओवी म्हणत निजवणे हा क्रम रोज त्याच वेळी, त्याच हातांनी होतो. आधुनिक बालरोगशास्त्र ‘ठरलेला क्रम’ म्हणून ज्याची शिफारस करते, तो या घरांत आधीपासून होता. रोज तेच घडले की पुढे काय येणार हे बाळाला कळू लागते आणि ते आपोआप सैलावते. ही रीत टिकवावी, मात्र तिच्यातल्या काही गोष्टी सोडाव्यात. ओवा, वावडिंग, ऊद यांची धुरी बाळाच्या नाजूक श्वासनलिकांना त्रास देते. बंद खोलीत शेगडी पेटती ठेवून झोपणे त्याहून धोक्याचे, कारण कोळशाचा विषारी वायू वासाने कळत नाही. अकोल्याच्या डोंगरवाड्यांत हिवाळ्यात उबेची गरज खरीच असते. तिथे बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घेणे ही उत्तम ऊब. ‘कांगारू’ पद्धत म्हणून कमी वजनाच्या बाळांसाठी ती १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोता शहरात रूढ झाली आणि पुढे जगभर गेली. उलट एप्रिल-मेच्या नगरी उन्हात कुंची, टोपडे, दुपटे असे थरावर थर चढवू नयेत. बाळाची मान घामेजली असेल तर कपडे जास्त झाले असे समजावे.

झोळी हे या जिल्ह्यातले बाळाच्या झोपेचे जुने आणि स्वस्त साधन. नऊवारी लुगडे आढ्याला किंवा झाडाच्या फांदीला बांधले की झोळी तयार. नगर आणि संगमनेर भागात एकेकाळी हातमागावर लुगडी विणली जात. आईच्या अंगावर विटलेले, धुऊन धुऊन मऊ झालेले तेच कापड पुढे बाळाची झोळी व्हायचे. हलणे आणि मिठी मारल्यासारखे वेढून घेणे या दोन्ही गोष्टींमुळे बाळ झोळीत चटकन शांत होते, यात शंका नाही. अडचण तिच्या आकाराची आहे. झोळी वाकलेली असल्याने लहान बाळाची हनुवटी छातीवर टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. कापड नाकातोंडावर येऊ शकते. थोडे मोठे, उलटणारे बाळ पडू शकते किंवा दोरीत अडकू शकते. म्हणून झोळी निजवण्यापुरती वापरावी, आणि तीही डोळ्यांसमोर. झोप लागली की बाळाला सपाट, घट्ट अंथरुणावर उताणे ठेवावे.

उताणे झोपवण्याचा आग्रह तुलनेने नवा आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ मध्ये बाळांना पालथे न झोपवण्याची शिफारस केली, १९९४ पासून त्याची मोहीम चालली, आणि झोपेतच कारण न कळता होणारे बाळमृत्यू तिथे निम्म्याच्या आसपास खाली आले. घट्ट अंथरुणासाठी महागडी गादी लागत नाही. जमिनीवर घोंगडीची सारखी घडी आणि वर ताणून खोचलेली सुती चादर पुरते; धनगरी घोंगडीचा कडकपणा इथे उपयोगी पडतो. जाड, लुसलुशीत गादी, बाळाभोवती रचलेले लोड आणि डोके गोल व्हावे म्हणून ठेवलेली राईची उशी या तिन्ही गोष्टी काढाव्यात. डोक्याला आकार यावा म्हणून जागेपणी बाळाला थोडा वेळ पालथे घालून त्याच्याशी खेळावे. पहिले सहा महिने तरी बाळ आईच्याच खोलीत, पण शक्यतो स्वतंत्र अंथरुणावर असावे. दारू प्यालेल्या किंवा बिडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसाशेजारी त्याला कधीही झोपवू नये. मिश्री लावणाऱ्या आयांनाही हे सांगायला हवे की तंबाखूतले निकोटीन दुधातून बाळापर्यंत पोचते.

बाळाला वेगळ्या खोलीत ठेवून रडू देण्याची पाश्चात्त्य पद्धत इथल्या एक-दोन खोल्यांच्या, एकत्र कुटुंबाच्या घरात बसत नाही आणि ती बसवण्याची गरजही नाही. तिच्यातला एक भाग मात्र उचलण्याजोगा आहे : पेंगुळलेल्या पण अजून जागे असलेल्या बाळाला अंथरुणावर ठेवून शेजारी बसावे, थोपटावे आणि शेवटची झापड त्याची त्याला येऊ द्यावी. तीन-चार महिन्यांपासून हे जमू लागते. जे बाळ केवळ हलवल्यावरच झोपते, त्याला रात्री दर वेळी जाग आली की पुन्हा हलवावे लागते. आठव्या-नवव्या महिन्यात आई दिसेनाशी झाली की बाळ घाबरते आणि झोप पुन्हा तुटते. हे वाढीचे लक्षण आहे. काही आठवड्यांत सरते.

बाळाला औषधाने झोपवण्याचा इतिहास वेदनादायक आहे. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रिया बाळाला अफूची ‘बाळागोळी’ देऊन कामावर जात. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीच्या सरकारी पाहणीत ही चाल गिरणीतल्या आयांमध्ये जवळजवळ सार्वत्रिक आढळली. गिरण्यांसाठी माणसे पुरवणाऱ्या जिल्ह्यांत कोकण-साताऱ्याबरोबर नगरही होता. त्या आयांना दोष देता येत नाही. पाळी दहा-अकरा तासांची होती आणि बाळ सांभाळायला कोणी नव्हते. आज अफूची जागा गुंगी आणणाऱ्या सर्दी-खोकल्याच्या औषधाने घेतलेली अधूनमधून दिसते. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन या औषधांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना बाटलीवर छापण्याचा आदेश भारताच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला.

‘शांत बाळ, नुसतं झोपतं’ हे कौतुकही तपासून घ्यावे लागते. पहिल्या महिन्यात बाळ दुधासाठी उठवूनही उठत नसेल, अंगाला सैल किंवा गार लागत असेल, पिवळे दिसत असेल, तर ती झोप नसून कावीळ किंवा जंतुसंसर्ग असू शकतो. दवाखान्यात न्यायला तासाभराचाही उशीर करू नये. हे ओळखणारी नजर गावातच तयार करता येते, याचा धडा या जिल्ह्याने दिला. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि गावातल्या, बहुतेक निरक्षर, अनेकदा दलित स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून शिकवले. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सुरुवातीला त्या गावांत हजारामागे पावणेदोनशेच्या आसपास बाळे वर्ष पुरे करत नव्हती. दोन दशकांत हा आकडा कित्येक पटींनी खाली आला. या बायका सासूला पटवू शकत, कारण त्या तिच्याच गल्लीतल्या होत्या. झोळी, धुरी, उशी यांसारख्या घरातल्या गोष्टी दवाखान्याच्या भिंतीवरच्या फलकाने बदलत नाहीत. त्या अशाच बोलण्याने बदलतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी घरोघर नवजात बालसेवेची पद्धत सिद्ध केली, ती २०११ पासून देशभर आशा सेविकांकडे आली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला आशा ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेटते. त्यानंतर ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यांत भेट देण्याची योजना २०१८ मध्ये जोडली गेली.

या साखळीतून निसटते ते ऊसतोडणी कामगाराचे बाळ. दिवाळीच्या सुमारास पाथर्डी, शेवगाव, जामखेडची कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतात. काही परजिल्ह्यांत, काही याच जिल्ह्याच्या प्रवरा-गोदावरी पट्ट्यात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, त्यामुळे बाळंतीण घरी राहिली तर मजुरीच बुडते. पहाटे अंधारात कोपी (राहायची झोपडी) सोडावी लागते, बाळ फडाच्या कडेला बैलगाडीखाली किंवा झाडाच्या झोळीत राहते, राखण चार-पाच वर्षांच्या बहिणीकडे असते. उसात बिबट्या असतो, म्हणून तिलाही डोळा लावता येत नाही. ठरलेली वेळ, मंद उजेड, शांत कोपरा यांतले इथे काहीच आईच्या हातात नाही. असते ते फक्त पाजणे, उताणे ठेवणे आणि गाडी भरायच्या रात्री कुणीतरी जागे राहणे. श्रावणात जन्मलेल्या बाळाच्या बेचाळिसाव्या दिवसापर्यंतच्या भेटी गावी पुऱ्या होतात. तिसऱ्या आणि सहाव्या महिन्याची आशा मात्र येते तेव्हा घराला कुलूप असते.