कोड आणि महारोग : एका वर्गीकरणाचा इतिहास

आदिलाबाद जिल्ह्यात मराठी, तेलुगू, उर्दू आणि गोंडी या भाषा शेजारी शेजारी नांदतात. मराठी माणूस त्वचेवरील पांढऱ्या डागांना ‘कोड’ म्हणतो. उर्दूत ‘कोढ’ म्हणजे महारोग. दोन्ही शब्द ‘कुष्ठ’ या एकाच संस्कृत शब्दापासून निघाले. तेलुगूने मात्र या डागांसाठी ‘बोल्ली’ हा वेगळा शब्द राखला. शब्दांच्या या सरमिसळीमागे रोगांच्या वर्गीकरणाचा मोठा इतिहास आहे.

प्राचीन वैद्यांनी कोडाला ‘श्वित्र’ अथवा ‘किलास’ म्हटले आणि त्याचा विचार कुष्ठाबरोबरच केला. तथापि, किलास त्वचेपुरताच असतो व त्यातून स्राव होत नाही, हा भेद सुश्रुतसंहितेने नोंदवून ठेवला. समाजाने वर्ग लक्षात ठेवला. भेद तो विसरला.

१८७३ साली नॉर्वेतील हॅन्सेन यांना महारोगाचे जंतू आढळले. निजामाच्या राज्यात, आदिलाबादच्या दक्षिणेस, डिचपल्ली येथे डॉ. इझाबेल कर यांनी १९१५ मध्ये महारोग्यांसाठी रुग्णालय उभारले. उत्तरेस वरोड्याला पुढे बाबा आमटे यांचे आनंदवन फुलले. महारोगाचे कारण कळले होते. कोडाचे कारण मात्र कोणत्याही जंतूत नव्हते.

त्याचा उलगडा दुसऱ्याच शास्त्रातून झाला. शरीर आपल्यावरच शस्त्र उगारणे टाळते, असे मत पॉल एर्लिख यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडले होते. १९५६ मध्ये नोएल रोझ व अर्न्स्ट विटेब्स्की यांनी सशांच्या थायरॉइड ग्रंथीवरील प्रयोगांतून दाखविले की, शरीर स्वतःवरही उलटते. अशा स्वयंप्रतिकार व्याधींचे पुढे दोन प्रमुख वर्ग मानले गेले. एकात हल्ला मुख्यतः एकाच अवयवावर होतो. थायरॉइडचा हाशिमोटो विकार व पहिल्या प्रकारचा मधुमेह त्यात मोडतात. दुसऱ्यात, ल्यूपसप्रमाणे, अनेक अवयव सापडतात. कोडाची गणना पहिल्या वर्गात होते. कारण त्यात शरीराच्या रक्षक पेशीच त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नष्ट करतात.

म्हणूनच कोड स्पर्शाने पसरत नाही, आणि महारोगाच्या चट्ट्याप्रमाणे त्याचा डाग बधिरही होत नाही. केवळ नावाच्या गोंधळापायी ठरलेला विवाह मोडणे हा अन्यायच होय.

आता महारोगही औषधांनी पूर्ण बरा होतो. तो घटस्फोटाचे कारण ठरविणारी १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातील तरतूद २०१९ मध्ये रद्द झाली. विज्ञानाने दोन रोग वेगळे केले. माणसांना वेगळे काढण्याचे कारण मात्र दोहोंपैकी एकातही उरले नाही.