नायट्रो संयुगांचे निवडक उत्प्रेरकी क्षपण

ॲरोमॅटिक वलयावरील नायट्रो गटाचे ॲमिनो गटात रूपांतर करताना रेणूतील इतर गटांना धक्का लागू न देणारी हायड्रोजनीकरणाची पद्धत. रंग, औषधे आणि कीटकनाशके यांच्या निर्मितीत लागणारी अनेक ॲरोमॅटिक अमाइने या मार्गाने मिळतात. पॅरासिटामॉलसाठी लागणारे पॅरा-ॲमिनोफिनॉल त्यांपैकीच एक.

निकोलाय झिनिन यांनी १८४२ मध्ये कझान येथे अमोनियम सल्फाइड वापरून नायट्रोबेंझिनपासून ॲनिलीन मिळवले. १८५४ मध्ये बेशाँ यांनी लोखंड व आम्ल वापरले. ही पद्धत स्वस्त होती, पण मागे लोहऑक्साइडाचा ढीगभर गाळ उरे.

याउलट, उत्प्रेरकासह हायड्रोजन वापरला की मागे मुख्यतः पाणीच उरते. खरी अडचण निवडीची. ३-नायट्रोस्टायरीनमध्ये नायट्रो गट आणि द्विबंध एकाच रेणूत असतात. साधे पॅलेडियम दोन्हींवर तुटून पडते. क्लोरोनायट्रोबेंझिनमधला क्लोरीनही असाच निसटतो. २००६ मध्ये व्हॅलेन्सियातील अव्हेलिनो कोर्मा आणि पेद्रो सेर्ना यांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर सोन्याचे अतिसूक्ष्म कण बसवून नायट्रो गट तेवढा क्षपित केला, द्विबंध शाबूत राहिला. निष्क्रिय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या धातूने हे साधावे, ही या विषयातली सर्वांत विलक्षण गोष्ट.

क्षपण नायट्रोसो आणि हायड्रॉक्सिलअमाइन या टप्प्यांतून जाते. हायड्रॉक्सिलअमाइन साचले तर स्फोटाचा धोका असतो, शिवाय अभिक्रियेत प्रचंड उष्णता निघते. त्यामुळे हायड्रोजनाचा पुरवठा आणि तापमान यांवर सतत लक्ष ठेवावे लागते. वापरलेले पॅलेडियम-कार्बन उत्प्रेरक गाळताना ओलेच ठेवतात. कोरडे पडले तर ते हवेत पेट घेऊ शकते.